जमलेला पैसा आधी कुठे लावायचा? जनुकीय आजाराच्या पालक-संस्थेला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "आमच्या मुलांना स्नायू हळूहळू दुबळे करत नेणारा एक दुर्मिळ जनुकीय आजार आहे. काही कुटुंबांनी मिळून संस्था नोंदवली आणि अपेक्षेपेक्षा बरीच देणगी जमली. आता विश्वस्तांत दोन तट पडलेत. एका प्रयोगशाळेने जनुकोपचारावर (बिघडलेल्या जनुकाची चांगली प्रत शरीरात पोचवण्यावर) काम करण्यासाठी जवळजवळ सगळी रक्कम मागितली आहे. काही जण म्हणतात, देऊन टाकू, नाहीतर मुलं वाचणार कशी? बाकीचे म्हणतात, आधी फिजिओथेरपी, व्हीलचेअर, प्रवासखर्च यांचं बघा. संशोधन की सेवा, नेमकं काय करावं?"

जनुकीय आजारांच्या ओपीडीत माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. अशा संस्थांच्या वैज्ञानिक सल्लागार समित्यांशीही संबंध आला, कधी अनुदान मागणारा म्हणून, कधी ते मंजूर किंवा नामंजूर करणारा म्हणून. त्यामुळे तुमच्या दोन्ही तटांची बाजू मला कळते. तरी माझं मत स्पष्ट आहे. प्रयोगशाळेला सध्या सगळी रक्कम देऊ नका. पहिला मोठा खर्च रुग्णनोंदणीवर, म्हणजे रजिस्ट्रीवर करा आणि ती नोंदणी मुलांच्या नियमित तपासणीला बांधून घ्या. हे ऐकून दोन्ही तट नाराज होतील याची कल्पना आहे. वही-नोंदींचं काम कुणाच्याच डोळ्यांत भरत नाही, देणगीदाराच्या तर नाहीच. पण या एका कामातून सेवा सुधारते आणि संशोधनाला पायही फुटतात. दोन्हीकडे उपयोगी पडणारी दुसरी कुठलीच गोष्ट एवढी स्वस्त नाही.

हे हवेत बोलत नाही. सिस्टिक फायब्रोसिसचं उदाहरण घ्या. या आजारात फुप्फुसांत चिकट कफ साठतो, पुन्हापुन्हा जंतुसंसर्ग होतो, अन्न नीट पचत नाही. 1955 मध्ये अमेरिकेत पालकांनी पुढाकार घेऊन सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशन उभं केलं, तेव्हा यातली बहुतेक मुलं शाळेत जायच्या वयापर्यंतही पोचत नसत. जनुक सापडायला अजून 34 वर्षं होती. त्याच सुमारास, 1957 मध्ये, क्लीव्हलंडला लेरॉय मॅथ्यूज नावाच्या बालरोगतज्ज्ञाने स्वतःची उपचारपद्धत सुरू केली आणि काही वर्षांनी सांगायला लागला की आपल्याकडे वर्षाला 2 टक्क्यांहून कमी मुलं दगावतात. बाकी देशात हे प्रमाण 20 टक्क्यांच्या वर असल्याचा अंदाज होता. सहकाऱ्यांना ही शुद्ध बढाई वाटली.

वाद घालत बसण्यापेक्षा फाउंडेशनने 1964 मध्ये मिनेसोटाच्या वॉरेन वॉरविक या डॉक्टरला 10,000 डॉलर दिले आणि देशभरातल्या केंद्रांतल्या प्रत्येक रुग्णाची माहिती गोळा करायला सांगितलं. आकडे आले, आणि मॅथ्यूजचं म्हणणं खरं निघालं. त्याच्या केंद्रात मृत्यूचं अंदाजित मध्यक वय (निम्मे रुग्ण ज्या वयाआधी जातात ते) 21 होतं. इतर ठिकाणी ते जेमतेम 3 होतं. औषधं जवळपास तीच होती. फरक एवढाच की मॅथ्यूज मुलं आजारी पडायची वाट पाहत नव्हता. आजार रोज थोडाथोडा साचत जातो असं धरून तो लक्षणं नसतानाही छाती थोपटून कफ काढायला लावायचा, ठरलेल्या दिवशी बोलवायचा, आणि सांगितलेलं घरी केलं जातं की नाही याचा पाठपुरावा करायचा. त्याची पद्धत बाकी केंद्रांनी उचलली आणि काही वर्षांतच देशभर मुलं जास्त जगू लागली. 1966 पासून ती नोंदणी कायमची झाली.

या गोष्टीचा एक कमी सांगितला जाणारा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मॅथ्यूजच्या पद्धतीत मुलांना रात्री धुक्याच्या तंबूत झोपवणंही होतं. पुढे मोजून पाहिल्यावर त्याचा फायदा दिसला नाही आणि तंबू गेले. म्हणजे नोंदींनी त्याला खरा ठरवलं आणि त्याच्याच पद्धतीतला निरुपयोगी भाग पुढच्या मोजमापाने वेगळाही काढला. 2006 मध्ये तर फाउंडेशनने प्रत्येक केंद्राचे निकाल केंद्राच्या नावासह जाहीर केले. माझ्या पिढीच्या डॉक्टरांना हे अंगावर काटा आणणारं होतं, पण रुग्णांच्या बाजूने बघितलं तर अगदी रास्त.

तेव्हा "सेवा" म्हटलं की पाटी-पेन्सिल वाटल्यासारखं दान आणि "संशोधन" म्हटलं की पेशींवरचे प्रयोग, हा समज आधी बैठकीत मोडून काढा. चांगली सेवा कशी द्यायची, हाही संशोधनाचाच विषय आहे. सिकल सेल आजारात लहान मुलांना रोज तोंडाने पेनिसिलिन दिलं तर काय होतं, एवढाच साधा प्रश्न घेऊन केलेल्या चाचणीचा निकाल 1986 मध्ये आला. गंभीर जंतुसंसर्ग 84 टक्क्यांनी कमी झाला. जनुकाला कुणी हात लावला नव्हता. औषध जुनं, स्वस्त, कुठल्याही दवाखान्यात मिळणारं. तरी त्या चाचणीने जितकी मुलं वाचवली तितकी वाचवायला पुढच्या झगमगीत उपचारांना फार वेळ लागेल.

आता तुमच्या नोंदणीबद्दल. स्वतःचं सॉफ्टवेअर बनवायच्या भानगडीत पडू नका. स्नायू आणि मज्जासंस्थेच्या आजारांसाठी ट्रीट-एनएमडी हे आंतरराष्ट्रीय जाळं 2007 पासून आहे. अशा चालू नोंदणीत सामील होता येतं का ते आधी बघा. तुमच्या आजारासाठी नसेलच, तर त्यांच्याच पद्धतीने, त्याच व्याख्या वापरून माहिती घ्या, म्हणजे उद्या दोन देशांचे आकडे एकत्र जुळतील. दुर्मिळ आजारात एका देशाची संख्या जवळपास कधीच पुरत नाही.

सर्वात आधी प्रत्येक मुलाच्या जनुकीय चाचणीचा मूळ अहवाल हवा. "डॉक्टर म्हणाले अमुक आजार आहे" हे चालत नाही. एकसारख्या दिसणाऱ्या स्नायूविकारांमागे डझनावारी वेगवेगळी जनुकं असतात, आणि नेमका बिघाड कळल्याशिवाय कुठल्याही चाचणीत प्रवेश नाही. माझा अनुभव असा की नव्या संस्थेच्या यादीतल्या काही कुटुंबांचं निदान इथेच बदलतं, आणि क्वचित एखाद्याला असा आजार निघतो ज्यावर आज उपचार आहे. ज्यांची चाचणी अर्धवट राहिली किंवा अहवालात "अर्थ अनिश्चित" असा शेरा आला, त्यांच्यासाठी पैसे बाजूला काढा. तुमच्या निधीतला हा सर्वात फळणारा खर्च ठरेल.

त्यानंतर ठरावीक काळाने घेतलेली मापं. मूल कधी बसलं, कधी चाललं, चालणं कधी थांबलं, श्वासाची क्षमता, हृदयाची तपासणी, वजन, पाठीच्या कण्याचा बाक, शस्त्रक्रिया, इस्पितळात राहणं. दर वेळी त्याच पद्धतीने आणि शक्यतो त्याच फिजिओथेरपिस्टच्या हातून. यातून आजाराची नैसर्गिक वाटचाल कळते, म्हणजे काहीच उपचार केला नाही तर कोणत्या वयाला सर्वसाधारणपणे काय होतं. हे ठाऊक नसेल तर औषध लागू पडलं की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. कंपन्या आजार निवडताना हेच पहिलं विचारतात, आणि उत्तर नसेल तर शांतपणे दुसऱ्या आजाराकडे वळतात.

प्रोजेरिया हा याचा सर्वात सुंदर दाखला आहे. मुलांना अकाली वार्धक्य आणणारा हा आजार साधारण 40 लाख जन्मांत एकाला होतो. 1999 मध्ये लेस्ली गॉर्डन आणि स्कॉट बर्न्स या डॉक्टर दांपत्याने मुलाच्या निदानानंतर प्रोजेरिया रिसर्च फाउंडेशन काढलं. तेव्हा कारण माहीत नव्हतं, संशोधनाला पेशी मिळत नव्हत्या, मुलं जगभर विखुरलेली. त्यांनी पेशींची आणि ऊतींची पेढी उभारली, जगभरातली मुलं शोधली, त्यांच्या वैद्यकीय नोंदी जमवल्या. 2003 मध्ये कारण सापडलं, एलएमएनए जनुकातला बिघाड. त्यावरून लक्षात आलं की कर्करोगासाठी तयार झालेलं लोनाफार्निब हे औषध इथे उपयोगी पडू शकेल. 2007 मध्ये चाचणी सुरू झाली.

इतकी थोडी मुलं, त्यात निम्म्यांना खोटं औषध देणं शक्यच नव्हतं. मग तुलना कशाशी? मुलांच्या स्वतःच्या आधीच्या वजनाशी. पालकांनी नियमाने केलेल्या वजनाच्या नोंदी हाच चाचणीचा पाया झाला. पुढे आयुष्य वाढलं का हे पाहताना फाउंडेशनच्या दप्तरातल्या, औषध न मिळालेल्या मुलांशी तुलना झाली. नोव्हेंबर 2020 मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. सर्वात लांब पाठपुराव्यात आयुष्य सरासरी अडीच वर्षांनी वाढलेलं दिसलं. अडीच वर्षं कुणाला थोडी वाटतील. ज्या आजारात मुलं साधारण चौदा-पंधराव्या वर्षी जातात तिथे ती थोडी नाहीत. आणि संस्थेने औषध शोधलेलंच नव्हतं. ते दुसऱ्याच कामासाठी कपाटात पडून होतं. संस्थेने ते या आजारासाठी तपासता येईल अशी जमीन तयार केली.

आता सेवेकडे वळतो, कारण तुमच्यातल्या दुसऱ्या तटाचं बरंचसं म्हणणं मला पटतं, फक्त खर्चाचे मथळे बदलायला हवेत. उपकरणं वाटायचा मोह आवरा. व्हीलचेअर देणं सोपं, फोटोही चांगला येतो. पण वाढत्या मुलाला ती दोन-तीन वर्षांत लहान होते, मापाची नसेल तर पाठीचा बाक वाढवते, आणि दुरुस्तीला पैसे नसले की कोपऱ्यात जाते. द्यायचीच तर मोजमाप, दुरुस्ती आणि परत घेऊन दुसऱ्याला देणं, हे सगळं धरूनच द्या.

त्याऐवजी एक पगारी माणूस नेमा. नर्स किंवा वैद्यकीय समाजसेवक, पूर्णवेळ. तपासणीच्या तारखा लावणं, न आलेल्यांना फोन करणं, शाळेशी बोलणं, सरकारी सवलतींचे अर्ज भरून देणं, रात्री घाबरलेल्या आईला कुठल्या इस्पितळात जायचं ते सांगणं, आणि हे सगळं करता करता नोंदणी अद्ययावत ठेवणं. बारीकसारीक गोष्टींत अडून कुटुंबं उपचारातून गळतात, आणि तिथे विश्वस्तांचा उत्साह पुरत नाही. तो पहिल्या दोन वर्षांत ओसरतो. पगारी माणूस टिकतो.

या माणसाच्या मदतीने सर्वात आधी तातडीचं कार्ड छापून घ्या. मुलाचं नाव, आजार, आणि अनोळखी डॉक्टरला हव्या त्या चार-पाच ओळी. उदाहरणार्थ ड्युशेन स्नायूविकारात भूल देताना सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारं औषध आणि श्वासावाटे द्यायचे भुलीचे वायू टाळावे लागतात, नाहीतर हृदय बंद पडू शकतं. श्वासाचे स्नायू दुबळे असलेल्या मुलाला नुसता ऑक्सिजन देत राहिलं आणि श्वासाला यंत्राचा आधार दिला नाही, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून तो बेशुद्ध पडू शकतो. ऑक्सिजनचा आकडा मात्र तोवर छान दिसत असतो! तुमच्या आजाराला नेमकं काय लागू आहे ते तुमच्या तज्ज्ञाकडून लिहून आणि सही करून घ्या. छपाईला किती लागतं? आणि एखाद्या रात्री तेवढ्यावर जीव वाचतो.

जनुकीय समुपदेशनाला दुय्यम मानू नका. आई वाहक आहे का, मावशीने तपासावं का, पुढच्या गरोदरपणात काय पर्याय आहेत, धाकट्या भावाला लक्षणं नसताना चाचणी करावी का, हे प्रश्न प्रत्येक घरात असतात आणि बहुतेक घरांत कुजबुजत विचारले जातात. लहानपणी सुरू होणाऱ्या आणि उपचार असलेल्या आजारात भावंडाची चाचणी लवकर करावी. पण मोठेपणी येणाऱ्या, आज काही करता न येणाऱ्या आजारासाठी लहान मुलाची चाचणी करू नये, तो निर्णय त्याने सज्ञान झाल्यावर घ्यायचा. हंटिंग्टन हा मेंदू हळूहळू निकामी करणारा, बहुधा मोठेपणी सुरू होणारा आनुवंशिक आजार. त्याचा धोका असलेल्यांपैकी बहुसंख्य लोक चाचणी उपलब्ध असूनही ती करून घेत नाहीत. त्यांचा तो हक्क आहे, आणि संस्थेने कुणावरही "एकदा कळून घ्या ना" म्हणून दबाव आणू नये. आईला "तुझ्याकडून आलं" हे ऐकवणारे नातेवाईक असतात. समुपदेशकाच्या खोलीत त्यांनाही एकदा बसवावं.

राहिला मुख्य वाद, प्रयोगशाळेच्या प्रस्तावाचा. तो मी वाचलेला नाही, पण असे बरेच वाचले आहेत. आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. जनुक सापडणं आणि औषध हाती येणं यांत काही वेळा पूर्ण पिढी जाते. हंटिंग्टनसाठी हेरेडिटरी डिसीज फाउंडेशन 1968 मध्ये स्थापन झालं. नॅन्सी वेक्सलर ही शास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांच्या वंशावळी मांडल्या, रक्ताचे नमुने घेतले. 1983 मध्ये जनुकाचा ठिकाणा लागला, 1993 मध्ये जनुक हाती आलं. त्यानंतर तीस वर्षं लोटली तरी आजाराची गती थोपवणारं मान्यताप्राप्त औषध नव्हतं. उलट मज्जारज्जूतल्या, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मारणाऱ्या एसएमए या आजारात जनुक 1995 मध्ये सापडलं, डिसेंबर 2016 मध्ये नुसिनर्सेन हे औषध आलं, 2019 मध्ये जनुकोपचार आला. तुमचा आजार कुठल्या वाटेने जाईल हे आज कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यापासून जरा जपून राहा.

जनुकोपचाराबद्दल पालकांना बहुधा अर्धीच गोष्ट सांगितली जाते. यात बहुतेक वेळा एएव्ही नावाच्या विषाणूच्या कवचातून जनुक पाठवतात. एकदा हे कवच शरीरात गेलं की त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि तोच उपचार सहसा दुसऱ्यांदा देता येत नाही. म्हणजे कच्च्या, कमी मात्रेच्या चाचणीत घाईने गेलेल्या मुलाचं पुढच्या चांगल्या उपचाराचं दार बंद होऊ शकतं. स्नायू हा शरीरातला सर्वात मोठा अवयवसमूह, म्हणून मात्रा प्रचंड लागते, आणि प्रचंड मात्रेचे धोकेही तसेच. मायोट्युब्युलर मायोपॅथी या जन्मजात स्नायूविकाराच्या चाचणीत जास्त मात्रा मिळालेली मुलं यकृताच्या गुंतागुंतीने दगावली, 2020 मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. जनुक सात-आठ हजार अक्षरांचं असेल तर ते कवचात मावतच नाही, कारण तिथे जागा साधारण पावणेपाच हजार अक्षरांचीच असते. तुमचं जनुक मावतं का, हा पहिला प्रश्न विचारा. उत्तर एका वाक्यात येतं.

पुढचे प्रश्नही तितकेच साधे. उंदरांमध्ये परिणाम दिसला तो लक्षणं सुरू होण्याआधी औषध दिल्यावर की नंतर? (बहुतेक वेळा आधी. तुमची मुलं मात्र नंतरच्या गटात आहेत.) प्रयोग दुसऱ्या कुणी करून पाहिला का? माणसाला देण्याच्या दर्जाचं औषध कोण बनवणार आणि त्याचा खर्च कुठून येणार? तो खर्च तुमच्या देणगीच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे "तुमच्या पैशात उपचार तयार होईल" असं प्रस्तावात असेल, तर प्रस्ताव लिहिणाऱ्याला एकतर हिशेब माहीत नाही किंवा तो तुम्हाला सांगायचा नाही.

याचा अर्थ संशोधनाला पैसे देऊ नका असा घेऊ नका. छोट्या संस्थेचा पैसा जिथे मोठे निधी पोचत नाहीत तिथे फार मोलाचा असतो. रुग्णांच्या त्वचेपासून पेशी तयार करून त्या मागेल त्या शास्त्रज्ञाला देणं, आजाराचं प्राण्यातलं एक चांगलं प्रतिरूप बनवून सर्वांना खुलं ठेवणं, तरुण संशोधकाला दोन वर्षांचं वेतन, बाजारात असलेल्या जुन्या औषधांची पेशींवर छाननी, आणि जगातल्या या आजारावर काम करणाऱ्यांना वर्षातून एकदा एका खोलीत बसवणं. या शेवटच्यातून जितकं निघतं तितकं महागड्या उपकरणांतूनही निघत नाही असं माझं निरीक्षण आहे. रक्कम टप्प्याटप्प्याने द्या, आणि पुढच्या टप्प्याची अट आधीच लिहून ठेवा. प्रस्ताव किमान दोन बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घ्या, ज्यांचा त्या प्रयोगशाळेशी काही संबंध नाही. प्रमुख शास्त्रज्ञ फार चांगला माणूस आहे, मुलांशी प्रेमाने बोलतो, हे सगळं खरं असेल. भिडेखातर सही करू नका.

सहीचा विषय निघालाच आहे तर करारावर थोडं थांबतो, कारण संस्था सर्वात जास्त इथेच फसतात. कॅनव्हन हा लहान मुलांच्या मेंदूचा घातक आजार. पालकांनी आणि संस्थांनी एका संशोधकाला मुलांच्या ऊती दिल्या, पैसे दिले, कुटुंबं शोधून दिली. 1993 मध्ये जनुक सापडलं. संशोधकाच्या मायामीतल्या रुग्णालयाने 1997 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं आणि चाचणीसाठी शुल्क व निर्बंध लावले. ज्यांच्या मुलांच्या शरीरातून ते ज्ञान आलं त्यांच्याच संस्था समाजासाठी मोफत चाचणी ठेवू पाहत होत्या. 2000 मध्ये पालक न्यायालयात गेले. 2003 च्या निर्णयात न्यायालयाने त्यांचे बहुतेक दावे फेटाळले, कारण दिलेल्या ऊतींवर त्यांचा मालकी हक्क धरला गेला नाही. शेवटी आपसात तडजोड झाली. लेखी काहीच ठरलेलं नव्हतं. विश्वासावर चाललं होतं.

त्याच काळात पीएक्सई या त्वचा, डोळे आणि रक्तवाहिन्यांवर परिणाम करणाऱ्या आजाराच्या कुटुंबांनी नेमकं उलट केलं. 1995 मध्ये शॅरन आणि पॅट्रिक टेरी यांनी पीएक्सई इंटरनॅशनल स्थापन केलं, दोघांपैकी कुणाचंही शिक्षण वैद्यकातलं नव्हतं. त्यांनी रक्त आणि ऊतींची पेढी स्वतःच्या ताब्यात ठेवली आणि नमुना हवा असेल तर आमच्या अटी मान्य करा असं शास्त्रज्ञांना सांगितलं. 2000 मध्ये जनुक सापडलं आणि पेटंटवर शॅरन टेरी यांचंही नाव सहसंशोधक म्हणून लागलं. चाचणी महाग करायची की सर्वांना परवडेल अशी ठेवायची, हे ठरवणं संस्थेच्या हातात राहिलं.

तेव्हा तुमच्या करारात नमुन्यांचा आणि नोंदींचा ताबा संस्थेकडे राहील हे असू द्या. निकाल चांगला असो वा वाईट, ठरलेल्या मुदतीत प्रसिद्ध होईल, तयार झालेल्या पेशी आणि प्राणी इतर संशोधकांना मिळतील, आणि प्रयोगशाळेने किंवा तिच्याकडून घेणाऱ्या कंपनीने काम मध्येच सोडलं तर हक्क परत येतील. ही शेवटची अट वकिलाला नीट समजावून सांगा. इटलीच्या तेलेथॉन फाउंडेशनच्या पैशातून एका जन्मजात प्रतिकारशक्तीच्या आजारावर स्ट्रिमव्हेलिस हा जनुकोपचार तयार झाला आणि 2016 मध्ये युरोपात त्याला मान्यता मिळाली. तो एका कंपनीकडून दुसरीकडे गेला. रुग्ण इतके थोडे की शेवटी त्या कंपनीलाही तो चालवणं नकोसं झालं. 2023 मध्ये फाउंडेशनने तो स्वतःकडे घेतला, म्हणून उपचार बंद पडला नाही. औषध सिद्ध होऊनही केवळ धंद्यात बसत नाही म्हणून नाहीसं होऊ शकतं, हे पालकांच्या ध्यानात सहसा येत नाही.

परताव्याचंही आधीच ठरवा. सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनने 2000 च्या सुमारास एका छोट्या कंपनीला सुमारे 4 कोटी डॉलर द्यायचं ठरवलं आणि बदल्यात रॉयल्टीचा हक्क ठेवला. ती कंपनी पुढे व्हर्टेक्स या औषधकंपनीने घेतली. 2012 मध्ये आयवाकाफ्टर हे औषध आलं, आणि 2014 मध्ये फाउंडेशनने आपला रॉयल्टीचा हक्क 330 कोटी डॉलरला विकला. दुर्मिळ आजाराच्या संस्थांच्या जगात हा आकडा दंतकथेसारखा सांगतात. पण त्याच औषधाची सुरुवातीची किंमत वर्षाला 2 लाख 94 हजार डॉलर होती, आणि रुग्णांच्या संस्थेलाच महाग औषधातून लाभ होतो ही टीका तिला झेलावी लागली. मला ती टीका पूर्ण अन्याय्य वाटत नाही. संस्थेने पैसा पुन्हा संशोधनात आणि सेवेत घातला हे खरं, तरी परतावा मागतानाच किमतीबद्दल आणि गरीब रुग्णांना औषध मिळण्याबद्दल अट घालता येईल का, हे निदान विचारून तरी पाहावं. नकार येईल. तोही लेखी घ्या.

कारभाराबद्दल फार लिहीत नाही, नियम तुम्हाला नोंदणी करतानाच कळले असतील. एकच सांगतो: ज्या विश्वस्ताचं मूल एखाद्या चाचणीत आहे किंवा जाऊ शकतं, त्याने त्या अनुदानाच्या मतदानाला बसू नये. हे सांगताना वाईट वाटतं, पण तो माणूस कितीही प्रामाणिक असला तरी त्याला तटस्थ राहा म्हणणं हाच क्रूरपणा आहे. आणि देणगीच्या आवाहनात "पाच वर्षांत उपचार" असं काही छापू नका. देणगीदार विसरतील, पण तुमच्याच संस्थेतली कुटुंबं ती पाच वर्षं बोटांवर मोजतील.

पुढच्या बैठकीत करण्यासारखं म्हणाल तर, प्रयोगशाळेला नकाराचं पत्र पाठवू नका. वर दिलेले चार-पाच प्रश्न लिहून पाठवा आणि सोबत कळवा की पहिल्या टप्प्यासाठी, रुग्णांच्या पेशी तयार करून त्यांत जनुक चालतं का हे तपासण्यापुरता, छोटा प्रस्ताव आणावा. खरा काम करणारा असेल तो महिनाभरात उत्तर देतो, आणि बहुतेकदा प्रश्न विचारल्याबद्दल त्याला बरंच वाटतं. तोवर वर सांगितलेला पगारी समन्वयक नेमण्याची जाहिरात काढा, अर्धवट चाचण्यांची यादी करा, आणि प्रत्येक घरातून मूळ जनुकीय अहवालाची प्रत मागवा. निधीचा निदान दोन वर्षांच्या पगाराएवढा भाग बाजूला राखून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी देणगी आटली तरी तपासण्या थांबणार नाहीत. संमतीपत्राचा मसुदा तयार झाला की सही घेण्याआधी तो एखाद्या अशा पालकाला वाचायला द्या ज्यांचं शिक्षण फारसं झालेलं नाही. त्यांना जे वाक्य दोनदा वाचावं लागेल ते बदला.